हाडाला इटाळ न्हाई

भामाबाई उठली तेव्हा कुडाच्या फटींतून अजून उजेड आलेला नव्हता. तिने चुलीतली राख बाजूला सारली, तळाचा निखारा जिवंत आहे का हे तळहात वर धरून पाहिले आणि त्यावर शेणीचे दोन तुकडे रचून फुंकर घातली. नाचणीचे पीठ पुरवून वापरायचे होते. तिने चार भाकरी थापल्या, दोन नवऱ्याला, एक सासूला, एक स्वतःला. परातीला चिकटलेले पीठ बोटांनी खरवडून तिने पुन्हा मडक्यात टाकले.

बाहेर कुंडलिक टिकावाचा दांडा पाण्यातून काढत होता. उन्हाने लाकूड आटते आणि पाते दांड्यावर खेळू लागते, म्हणून तो रोज संध्याकाळी तो भिजत घालून ठेवी. त्याने पाते दगडावर दोनदा आपटून पाहिले, पाचर ठोकली, पहारीचे टोक अंगठ्याने चाचपले. त्याची आई, फुलाबाई, उंबऱ्यात बसून होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. दिवस आणि रात्र एवढाच भेद तिला कळे. बाकीचे तिला हातांनी कळत असे.

दिसू लागले तशी तिघे निघाली. पुढे पहार खांद्यावर टाकलेला कुंडलिक, मागे डोईवर पाटी आणि कमरेवर कळशी घेतलेली भामाबाई, तिच्या पदराचे टोक धरून म्हातारी. बौद्धवस्ती गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडे होती, आणि वरकसाची, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीची, चढण वस्तीच्या पाठीमागूनच सुरू होई. अर्ध्या चढणीवर म्हातारीला दम लागे. तिथून खाली भाटघरचे पाणी दिसे. मे महिन्यात ते पार तळाशी ओढले जाई आणि एरवी बुडालेली जुनी शेते, त्यांचे बांध, एखाद्या घराचे जोते वाळलेल्या गाळातून वर येई.

"आलं का वर आपलं वावर?" म्हातारी रोज विचारी. तिच्या सासऱ्याचे शेत त्या पाण्याखाली गेले होते.

"आलं," कुंडलिक रोज म्हणे. तिकडे तो पाहत नसे.

तीन वर्षांपूर्वी सरकारने भूमिहीनांना पडीक जमिनी वाटल्या, तेव्हा कुंडलिकला या उतारावरचा दीड एकर मिळाला. कागदावर अट होती. तीन वर्षांत जमीन वहितीखाली आणावी. न आणल्यास ती सरकारजमा होईल. उतारावर भात उभे राहत नाही. चढणीला आडवी दगडांची ताल घालावी, तिच्या पाठीशी माती भरावी, तेव्हा खाचर होते आणि खाचर झाले की जमीन वहीत म्हणून लिहिली जाते. पहिले वर्ष करवंदीच्या जाळ्या आणि ऐनाची खोडे काढण्यात गेले. दुसऱ्या वर्षी कोयनेचा भूकंप झाला आणि घातलेली दहा हात ताल अंगावर आल्यासारखी खाली ढासळली. मुदत या मे महिन्याच्या अखेरीस संपत होती. ताल शंभर हातांची. बेचाळीस हात उरले होते आणि दिवस पंचवीस.

कुंडलिक पहारीने धोंडा सुटा करी, दोघे मिळून तो रेटीत तालीवर आणीत. तो टेकला की म्हातारी पुढे सरके. दोन धोंड्यांमधली फट ती बोटांनी चाचपी, शेजारच्या ढिगात हात घाली आणि नेमकी त्या मापाची चीप उचलून देई. तिने दिलेली चीप सहसा परत येत नसे. दिवसाला दोन हात ताल होई, कोणी मध्ये आले नाही तर.

त्या दिवशी ऊन अंगावर यायच्या आधीच एक मोठा धोंडा निघाला. बैलाच्या धडाएवढा. त्याने तालीचे तीन हात एका दमात भरले असते. पहारीवर सगळा भार टाकून कुंडलिकने तो वीतभर उचलला होता आणि भामाबाई खाली टेकण सारत होती, तेवढ्यात खालून हाक आली.

"ओ कुंडलिकबाबा!"

एरवी गावात तो कुंडल्या होता. कुणाचे हाड मोडले की कुंडलिकबाबा होई.

हाक पोलीस पाटील साहेबरावांच्या घरचा सालगडी ज्ञानू याची होती. तो धापा टाकत वर आला. "हिर्डोशीचा माणूस आलाय न्यायला. चावडीपाशी बसलाय. त्याच्या भावाचा खांदा उतरलाय म्हनं, पार खाली लोंबतोय."

"हिर्डोशी म्हंजे आजचा दिस गेला," भामाबाई म्हणाली. ती ज्ञानूशी बोलत नव्हती.

"येष्टी घावली तर उद्या दुपारपत्तुर येतील की," ज्ञानू ओशाळून म्हणाला. "वयनी, म्या काय करू? मला धाडलं, म्या आलो."

कुंडलिकने पहार दोन्ही हातांनी तशीच धरून ठेवली होती. हाड बसवण्याचा गुण त्याच्या बापाला, चिमाजीला, कुणा गोसाव्याकडून मिळाला होता आणि गुणाबरोबर त्याचे नेमही. बोलावणे आले की हातातला घास खाली ठेवून निघायचे. दाम घ्यायचा नाही. आणि रोग्याच्या घरचे पाणी प्यायचे नाही. प्याले की गुण गेला. गावाला हे नेम फार सोयीचे होते. ज्या ओट्यावर कुंडलिकच्या बापजाद्यांना पाय ठेवता येत नव्हता, त्याच ओट्यावर त्याला रोग्याच्या उशाशी बसू देत. "हाडाला इटाळ न्हाई," अशी म्हणच पडली होती. तो उठून गेला की ओटा धुऊन घेत. आणि पाणी विचारायचा प्रश्नच नव्हता. त्याचा गुण गेला असता.

"टेकण सार," तो म्हणाला. भामाबाईने दगड सारला. त्याने पहार सैल केली. धोंडा अर्धा उचललेला, अर्धा टेकलेला राहिला. "याला हात लावू नगंस. म्या आलो की बसवू."

"आन् तंवर?"

"तंवर चिपा गोळा करा."

त्याने कपाळ पुसले आणि ज्ञानूच्या मागून तो उतार उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी तो परतला तेव्हा दुपार कलली होती. घरी कोणी नव्हते म्हणून तो सरळ वर आला. भामाबाई ऐनाच्या बुंध्याशी पाय पसरून बसली होती. डाव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, चिंधी काळी पडलेली. मोठा धोंडा खाली ओढ्याच्या अंगाला गडगडत गेला होता आणि जाताना तालीचे तीन हात घेऊन गेला होता. पायाचे दगडही उघडे पडले होते.

"तुला सांगितलं हुतं," कुंडलिक म्हणाला.

"सांगितलं हुतं."

"मग?"

"मग काय? वाट बघत बसू? दिस मोजायला तुमी, आन् वाट बघायला आमी?"

तो खाली बसला. त्याने चिंधी सोडली. नख सुटून एका कडेला लोंबत होते, आतले हाड शाबूत होते. त्याने अंगठा दोन बोटांत धरून अलगद फिरवून पाहिला. ती कण्हली नाही.

"हाड बरं हाय," तो म्हणाला.

"हाड बरं असंलच. तुमच्या पंचक्रोशीत समद्यांची हाडं बरी हायेत." तिने पाय ओढून घेतला. "एक इचारू? आपुन गावकी सोडली. ढोरं वढायची सोडली, सांगावं पोचवायचं सोडलं, चावडीपुढं काठी घिऊन हुबं ऱ्हायाचं सोडलं. तुमीच दीक्षेच्या मांडवात हात वर करून बोलला हुता, म्या ऐकलंय. मग ह्यो काय परकार हाय?"

"ह्ये पुण्याचं काम हाय."

"ही येसकरकीच हाय. काठी न्हाई हातात, येवढाच फरक. हाक आली की निघायचं."

म्हातारी चिपांच्या ढिगापाशी बसून सगळे ऐकत होती. "चिमाजीचा गुण हाय त्यो," ती म्हणाली. "त्याला नावं ठिऊ नगंस."

"नावं कुठं ठिवत्ये, आत्याबाई? दिस मोजत्ये." भामाबाई बुंध्याला धरून उभी राहिली, पाय टेकवताना एकदा ओठ चावला, आणि ढासळलेले दगड वर आणू लागली.

ते तीन हात पुन्हा बांधायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तलाठी चावडीत आले आहेत असे कळले, म्हणून कुंडलिक कागद घेऊन गेला. तलाठी सतरंजीवर बसून चहा पीत होते. शेजारी साहेबराव. कुंडलिक पायरीखाली उभा राहिला. कुणी त्याला वर ये म्हटले नाही, खालीच थांब असेही म्हटले नाही.

"दोन महिन्यांची मुदत मिळंल का, भाऊसाहेब? ताल अर्ध्याच्या वर झाली."

तलाठ्यांनी कागद पाहिला, उलटून पाहिला. माणूस वाईट नव्हता. "मुदत देणं माझ्या हातात असतं तर दिली असती. एकतीस तारखेला जागेवर येऊन पंचनामा करायचा. खाचर दिसलं तर वहीत. नाही दिसलं तर पडीक. अर्धं खाचर असा रकाना नाही."

"पंच कोन?"

"पोलीस पाटील आहेतच."

साहेबराव हसले. त्या उतारावर तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांची गुरे चरत होती. "आरं, आमी हाय की. तू आमच्या हाडामासाचा मानूस. काळजी कशापायी करतूस? गरज लागली तर आमचं औत धाडतो येक दिस, धोंडं वढायला."

औत आले नाही. बोलावणी आली. उत्रोलीत एकाच्या पोराचा हात मोडला. धरणाच्या कॉलनीत चौकीदाराची घोट्याची शीर चढली. मग उत्रोलीच्या त्याच घरून पुन्हा, पट्टी सैल झाली म्हणून. कुंडलिक गेला. दर वेळी परतताना तो तालीचे टोक आधी नजरेने मोजी आणि मग बायकोकडे पाही. भामाबाई मातीची पाटी ओतत राही. 

एका सकाळी त्याने काम करण्याची बाजूच बदलली. आजवर तो खालच्या अंगाने दगड लावी. तिथून पायवाट आणि ओढा दिसे. आता तो तालीच्या वरच्या बाजूला गेला, वाटेकडे पाठ केली आणि पटका कानांवरून घट्ट गुंडाळून घेतला.

"ह्ये काय?" भामाबाईने विचारले. त्याला ऐकू गेले नाही. तिने पदर तोंडाला लावला. लग्नात उखाणा घेतल्यावर हसली असेल तशी ती हसत होती, पहिल्यांदाच त्या महिन्यात.

ते तीन दिवस चांगले गेले. पटक्याच्या आत कुंडलिकला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येई. धोंडा, त्याचे पोट, त्याची पाठ, तो कुठे टेकेल, कुठे डुगडुगेल, एवढेच त्याच्या मनात राही. हाड बसवताना असेच होत असे. बाप सांगे, "रोग्याचं ध्यान दुसरीकडं, आपलं ध्यान बोटांत." चिमाजी रोग्याला भलतेच काहीतरी विचारी, म्हैस व्याली का, पाव्हणे आले का, आणि रोगी उत्तर द्यायला तोंड उघडतो न उघडतो तोच हाड जागेवर गेलेले असे. कुंडलिक दगडांच्या बाबतीत प्रथमच ते करू पाहत होता. त्या तीन दिवसांत साडेसात हात ताल झाली. संध्याकाळी तो पोटभर जेवे आणि पडल्या पडल्या झोपे.

चौथ्या दिवशी सकाळी ज्ञानू थेट त्याच्या समोर येऊन उभा राहिला. हाक मारून उपयोग नाही हे त्याला कळले असावे. कुंडलिकने मान वर केली नाही. समोर दोन भेगाळलेले पाय दिसले तेव्हा त्याने पटका सोडला.

"पाटलांची म्हातारी," ज्ञानू म्हणाला. "रतनबाई. न्हाणीत घसरली. मनगट वाकडं झालंय, वरडतिया लई. पाटील म्हनलं, असंल तसा घिऊन ये." जरा थांबून तो हळूच म्हणाला, "दादा, तुमी न्हाई म्हना. म्या सांगतो, घावला न्हाई म्हनून."

"आन् पाटील तुला घरात ठिवतील?"

 ज्ञानूने तालीकडे पाहिले. "एकतीस हात ऱ्हायलं, न्हाई का?" तो म्हणाला. त्यानेही मोजले होते.

कुंडलिकने भामाबाईकडे पाहिले. तिने पाहिले नाही. ती डोईवरची मातीची पाटी तालीमागे ओतत होती; ओतून झाल्यावर तिने ती पालथी करून पाठीवर थापटी मारली, एक कणही राहू नये अशी.

"नगा जाऊ म्हणायची न्हाई म्या," ती म्हणाली. "म्हनून दमले."

तो उतरला. ओढ्यात त्याने हातपाय धुतले. पाणी घोटाभरच होते, गढूळ. तो बराच वेळ तिथे वाकून राहिला. ज्ञानू दोन पावले पुढे जाऊन थांबला, मागे वळून पाहू लागला. "काय झालं, दादा?"

"काय न्हाई. तहान लागलीय."

"मग प्या की."

"हितं नगं," कुंडलिक म्हणाला.

पाटलांच्या ओट्यावर घोंगडीवर रतनबाई बसली होती. मनगट चमच्यासारखे वाकले होते. भोवती घरची माणसे, दारात सून. साहेबरावांनी सरकून जागा केली. "ये कुंडलिकबाबा, बस."

त्याने म्हातारीचा हात मांडीवर घेतला. कातडी कागदासारखी पातळ होती, आतली दोन्ही हाडे त्याला बोटांखाली एकेक करून कळली. त्याने डाव्या हाताने कोपर धरले, उजव्याने बोटे.

"आत्या, यंदा भात रायभोग टाकनार का आंबेमोहर?"

"आंबेमो..." म्हातारी म्हणाली आणि किंचाळली. हाड बसले होते.

त्याने हाडसांधीचा वाटलेला वेल मनगटावर थापला, बांबूच्या कामट्या चारी बाजूंनी लावल्या, धोतराची पट्टी गुंडाळली. घाई केली नाही. शेवटची गाठ त्याने दोनदा तपासली. इतकी चांगली पट्टी त्याने पूर्वी बांधली नसेल. रतनबाईचा श्वास हळूहळू खाली बसला. "हलकं वाटतंय बग," ती म्हणाली. "चिमाजीचाच हात हाय."

एरवी या ठिकाणी तो उठत असे आणि उलट्या पावलांनी ओटा उतरत असे. तो बसून राहिला.

"जरा पानी द्या," तो म्हणाला.

कोणी हलले नाही. साहेबरावांना वाटले आपल्याला नीट ऐकू आले नाही. "काय म्हनलास?"

"पानी. तहान लागलीय."

साहेबरावांच्या चेहऱ्यावर एकदम दोन गोष्टी आल्या आणि दोन्ही त्यांना बोलता येईनात. आईचे मनगट नुकतेच या माणसाने बसवले होते, आणि चार जण पाहत होते. त्यांनी सोपा मार्ग धरला. "आरं, येड्या, तुजा गुण जाईल की. रोग्याच्या घरचं पानी चालत न्हाई तुला."

"ठाव हाय."

"मग?"

"जाऊ द्या."

ज्ञानू ओट्याखाली उभा होता. सवयीने तो पुढे झाला. "म्या वतू का वरनं, वंजळीत?"

"वंजळीत नगं. तांब्या द्या."

सून दारातून सासऱ्याकडे आणि सासऱ्याकडून आजेसासूकडे पाहत राहिली. रतनबाईने डोळे मिटले होते. तिने ते उघडले नाहीत. "दे गं," ती म्हणाली. "माज्या हातात कळ न्हाई आता. दे."

तांब्या आला. कुंडलिकने तो दोन्ही हातांनी घेतला, मान मागे टाकली आणि चारचौघे पितात तसे, तोंड न लावता, वरून धार धरून तो प्याला. सगळा प्याला. त्याच्या गळ्याच्या घाटीची हालचाल सगळ्यांना दिसत होती. मग त्याने तांब्या ओट्यावर ठेवला, उपडा नाही, उभा.

"येतो," तो म्हणाला.

"कुंडल्या," साहेबराव मागून म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "एकतीस तारखेला पंचनामा हाय, ध्यानात हाय ना?"

"ध्यानात हाय, पाटील."

वर आल्यावर त्याने पटका कानांवर बांधला नाही. आता गरज नव्हती. त्याने काय केले ते दोन वाक्यांत सांगितले. भामाबाई हातात दगड घेऊन ऐकत राहिली. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने फक्त दगड ठेवला आणि हात लुगड्याला पुसले. फुलाबाईने चिपांच्या ढिगातून हात काढून घेतला. संध्याकाळपर्यंत तिने एकही चीप दिली नाही. घरी आल्यावर ती भिंतीवरच्या तसबिरीखाली, जिथे चिमाजी झोपत असे, तिथे जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली, फटी चाचपू लागली, चिपा देऊ लागली. पण कुंडलिकशी तिने बोलणे टाकले. अर्ध्या चढणीवर दम घ्यायला थांबली तेव्हा तिने वावराचे विचारले नाही.

गुण गेल्याची बातमी दोन दिवसांत भोरच्या बाजारापर्यंत पोचली. ज्ञानूने येऊन सांगितले की तो तांब्या संध्याकाळपर्यंत ओट्यावर उन्हात तसाच होता. मग घरच्यांनी तो विस्तवातून काढला आणि माळ्यावर टाकला. "म्हातारी बरी हाय," तो म्हणाला. "बोटं हलवतिया." त्याने जाता जाता एक धोंडा उचलून तालीवर ठेवला. तो वाकडा बसला. ज्ञानू गेल्यावर कुंडलिकने तो काढून नीट बसवला.

कोणी हाक मारीना. वाटेने जाणारी माणसे वर पाहीनात. दिवसाला अडीच हात ताल होऊ लागली. ऊन इतके झाले होते की दुपारी पहार हाताला चिकटे, आणि भामाबाईच्या अंगठ्यातून पिवळे पाणी येत होते. पश्चिमेला वरंध घाटाच्या अंगाला ढग दिसू लागले. पाठीशी माती भरायची अजून बरीच राहिली होती. कुंडलिक रोज टोकाला उभा राहून मोजी. सगळे नीट झाले, एकही दिवस गेला नाही, तरी एकतीस तारखेला हातभर ताल कमी पडत होती. आणि पुरी झाली तरी तिच्यापुढे उभे राहून पंच काय लिहिणार होते ते त्याला दिसत होते. हे तो बायकोला सांगत नव्हता. तिलाही मोजता येते, हे तो विसरत नव्हता.

पंचवीस तारखेला, ऊन चढत असताना, गावाच्या बाजूने आवाज आला. आधी माणसांचे बोलणे, मग कण्हणे. चार जण बांबूला घोंगडी बांधून तिच्यात कुणाला तरी घेऊन येत होते. भोरच्या दवाखान्याची वाट तालीच्या खालूनच जात होती. वस्तीतली एक बाई त्यांच्याबरोबर चालत होती. तिने वर तोंड करून भामाबाईला सांगितले, "ज्ञानू हाय. पाटलांचा गोठा शाकारताना वरनं पडला."

झोळी तालीच्या खाली आली. खांदे बदलण्यासाठी माणसे क्षणभर थांबली. ज्ञानूने हाक मारली नाही. तो कण्हत होता, एका लयीत, आणि त्या कण्हण्यात मध्येच श्वास तुटत होता. कुंडलिक पाठमोरा, दोन हातांत धोंडा घेऊन वाकलेला होता. त्याला पाहावे लागले नाही. मांडीचे हाड होते, खुब्याच्या खाली. भोरपर्यंत झोळीत लोंबत गेले तर त्याची टोके एकावर एक चढणार आणि पाय आखूड होणार होता. कामट्या लावून, दोघांनी धरून ओढले तर आत्ता अर्ध्या घटकेचे काम. त्याच्या उजव्या हाताची बोटे धोंड्यावरून सुटली आणि हवेत किंचित वळली, काहीतरी धरल्यासारखी.

खालची माणसे त्याच्याकडे पाहत नव्हती. ज्याचा गुण गेला त्याचा हात लावून घेणे म्हणजे हाड सडवून घेणे, हे त्यांना ठाऊक होते. तो खाली गेला असता तर त्यांनी त्याला हात लावू दिला असता का, हे त्याला ठाऊक नव्हते. आणि लावू दिला असता तर उद्यापासून हाका पुन्हा सुरू होणार, हे ठाऊक होते.

भामाबाई पाटी घेऊन उभी होती. या वेळी ती त्याच्याकडे सरळ पाहत होती, आणि जा म्हणत नव्हती, नको जाऊ असेही म्हणत नव्हती.

झोळी उचलली गेली. ज्ञानू मोठ्याने ओरडला.

"कुंडलिका," म्हातारी एकदम म्हणाली. सहा दिवसांत पहिल्यांदा. चिमाजी रोग्याला विचारी तशा, अगदी सहज सुरात. "आलं का रं वर आपलं वावर?"

त्याने तोंड उघडले.

"आलं," तो म्हणाला, आणि धोंडा जागेवर बसला.

म्हातारीने फट चाचपली, ढिगात हात घातला आणि चीप पुढे केली. त्याने ती घेतली, फटीत घातली, पहारीच्या बुडख्याने दोनदा ठोकली. कण्हणे वाटेने दूर जात होते. तो पुढच्या धोंड्याकडे गेला.